माझ्या चिखल्या आणि बेडकांची बुरशी

जुलैत कोयनेच्या बाजूला तीन रात्री बेडूक बघत फिरलो, बूट एकदाही वाळले नाहीत, आणि घरी आलो तर पायाच्या बोटांत मस्त चिखल्या झालेल्या. आईने हळद आणि खोबरेल तेल लावायला दिलं, वर दोन वाक्यं ऐकवली ती वेगळी. तर असा पाय वर करून बसलेलो असताना डोक्यात आलं की बेडकांनाही चिखल्याच होतात की. फरक इतकाच की मला नुसती खाज सुटते आणि बेडूक मरतो.

बेडकांना होते त्या बुरशीचं नाव भयंकर लांब आहे, बट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस, सगळे बीडी म्हणतात (आपली ओढायची नाही). 1998 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत ती सापडली आणि 1999 मध्ये तिला हे नाव मिळालं. त्याच्या आधी बरीच वर्षं लोक बघत होते की चांगल्या राखलेल्या जंगलातून, जिथे तोड नाही, शेती नाही, तिथूनही बेडूक गायब होतायत आणि कारणच कळत नाहीये. कोस्टा रिकात माँतेवेर्देला गोल्डन टोड नावाचा भगवा-केशरी भेक होता, 1987 ला दीड हजारावर दिसले, 1988 ला दहा, 1989 ला एकच, आणि त्यानंतर एकही नाही.

आता बुरशी कातडीला लागली तर जनावर मरतं कसं, हे मला खूप दिवस कळत नव्हतं. आपल्याला नायटा झाला म्हणून कोणी मरत नाही ना. पण बेडकाची कातडी म्हणजे नुसतं आवरण नाही, तो तोंडाने पाणी पीतच नाही, कातडीतूनच शोषतो, थोडाफार श्वास पण त्यातूनच घेतो आणि अंगातले क्षारही तीच सांभाळते. बीडी नेमकी कातडीतल्या केराटिनवाल्या (आपल्या नखाकेसांत असतं ते प्रथिन) पेशींत घर करते, कातडी जाड होते, सोडियम-पोटॅशियमची ये-जा बिघडते, रक्तातलं प्रमाण घसरत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. म्हणजे रोग कातडीचा आणि मरण हार्ट अटॅकसारखं. 2009 मध्ये हे नीट मोजून दाखवलं तेव्हा कुठे कोडं सुटलं.

अजून एक बेकार गोष्ट म्हणजे बेडूकमासे. (लहानपणी आम्ही ते मासेच समजून बाटलीत भरून आणायचो, दोन दिवसांत सगळे उलटे.) त्यांच्या अंगात केराटिन फक्त तोंडाशी असतं, त्यामुळे बुरशी लागली तरी बऱ्याचदा ते तगून राहतात, डबक्यात आरामात फिरतात, आणि पाय फुटून बेडूक झाला, सगळी कातडी केराटिनची झाली की मग मरतात. त्यामुळे डबकं वळवळणाऱ्या पिल्लांनी भरलेलं दिसतं आणि आपण म्हणतो वा काय छान चाललंय.

ही जगभर पसरली कशी याची एक गोष्ट मी कित्येक जणांना रंगवून सांगितलीय, की 1930 नंतर प्रेग्नन्सी टेस्टसाठी दक्षिण आफ्रिकेतले झेनोपस बेडूक जगभर पाठवले जायचे, बाईची लघवी टोचली आणि बेडकीने अंडी घातली की टेस्ट पॉझिटिव्ह, आणि त्या बेडकांबरोबर बुरशी गेली. टेस्टचा भाग शंभर टक्के खरा आहे. पण 2018 मध्ये बुरशीचा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) तपासून जे आलं त्यात मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या आसपास निघालं, आणि पसरायला सुरुवात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. आफ्रिकेवरचा आळ बराचसा उतरला, जिवंत बेडकांच्या व्यापारावरचा मात्र नाही. 2019 च्या एका मोठ्या पेपरात हिशोब दिलाय, बेडकांसारख्या उभयचरांच्या 501 जातींची संख्या घटली, त्यातल्या 90 बहुतेक नामशेष. पनामात तर 2006 मध्ये साथ पुढे सरकताना दिसत होती म्हणून लोकांनी बेडूक गोळा करून एल वाये गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. नाल्याच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून हात हलवून खूण करणारा पनामाचा तो पिवळा बेडूक आज कुठे दिसला तर बहुतेक असाच, काचेच्या टाकीत.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर, बीडी आपल्या सह्याद्रीत पण आहे. 2013 मध्ये पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या तीन जातींवर ती सापडल्याचं छापून आलं, बॉम्बे नाइट फ्रॉग, लीथचा उड्या मारणारा बेडूक आणि बॉम्बे बुश फ्रॉग. शेवटच्या दोघांवर बाहेरून काहीच दिसत नव्हतं, नाइट फ्रॉगची कातडी मात्र तपकिरी पडलेली, जखमा, सालं निघालेली. हा तोच नाइट फ्रॉग ज्याची जोडी जमवायची तऱ्हा 2016 मध्ये जगभर बातमीत आली होती, नर मादीला घट्ट धरतच नाही, पाठीवर नुसता टेकतो, काम झालं की उतरतो आणि मग मादी अंडी घालते. अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांवर किंवा दगडावर, पिल्लं थेट खाली नाल्यात टपकणार. मी याच्याचसाठी तीन रात्री जळवा झेलत बसलेलो.

घाबरून जाण्यासारखं नाहीये असं मला वाटतं, कारण इथे सापडलेली बुरशी आशियातल्या जुन्या वंशाची आहे, आणि पनामासारखा मेलेल्या बेडकांचा खच आपल्याकडे पडलेला नाही. मला भीती आहे ती बाहेरच्या जहाल वंशाची. तो इथे आला आणि या जुन्याशी त्याचा संकर झाला तर काय, कारण असे संकर दुसरीकडे झालेले आहेत.

आणि इथे मी स्वतः गुन्हेगार आहे. चार वर्षं मी एका नाल्यातला बेडूक फोटोसाठी हातात घेऊन त्याच ओल्या हाताने दुसरा उचलायचो, आणि शनिवारी एका घाटात चिखलात बुडलेले बूट रविवारी तसेच ओले दुसऱ्या घाटात. या बुरशीच्या बीजाणूंना शेपूट असतं, ते पाण्यात पोहतात, ओलाव्यात टिकतात, पण पूर्ण सुकले की मरतात. बुरशीला उष्णतापण सोसत नाही, तीस अंशांच्या आसपास ती ढेपाळते. 2024 मध्ये छापून आलं की ऑस्ट्रेलियात विटांवर छोटं ग्रीनहाऊस ठेवून बेडकांसाठी चक्क सौना (अंग शेकायची गरम खोली) केला, विटांच्या भोकांत बसून बेडूक गरम झाले आणि बुरशीतून बरे झाले. मला हे वाचून एवढा आनंद झाला की घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, कोणी ऐकलं नाही.

तर आता बेडूक हातात घेत नाही. जागेवरच ब्रशने चिखल काढतो, घरी ब्लीचच्या पाण्यात बूट बुचकळतो आणि पूर्ण सुकल्याशिवाय पुढची ट्रिप नाही. पुण्यात जुलैमध्ये बूट पूर्ण सुकवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, म्हणून शेवटी दुसरा जोड घेतला. पहिला जोड गेले नऊ दिवस गॅलरीत पंख्याखाली आहे आणि आईला वाटतंय की माझ्या चिखल्यांसाठी चाललंय हे सगळं.