मी उठले की स्क्रीन जाते

काउंटरवरच्या मॅडम फोनवर असं म्हणाल्या तेव्हा मी हसू दाबलं. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात काहीही ऐकू येतं. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा मॉनिटर ठणठणीत असतो. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला की काम झालं. काळ्या पडद्यावर टॉर्च मारून अंधूक चित्र दिसलं, तर बॅकलाइट गेला. सगळं पिवळट दिसलं, तर व्हीजीएची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटर केबलची, पिन वाकलीय का बघायचं. एवढ्या भांडवलावर वर्ष निघतं.

पतसंस्था निफाड तालुक्यातली, महिना डिसेंबरचा. पहिल्या खेपेला मॉनिटरची एचडीएमआय केबल बदलली. दुसऱ्या खेपेला मॉनिटरच उचलून आणला. शेठ म्हणाले, “मॉनिटरचं आतलं सर्किट कार्ड गेलंय सांग आणि नवा मॉनिटर बसव.” ७,८०० रुपयांचं बिल झालं. चार दिवसांनी पुन्हा फोन, “तेच होतंय.”

तिसऱ्या खेपेला मॅडमच्या खुर्चीत ठाण मांडून बसलो. तासभर काही नाही. चहा आला म्हणून उठलो आणि स्क्रीन काळी! दोन-तीन सेकंदांनी परत आली. पुन्हा बसलो, उठलो. दहा वेळांत सहादा गेली. मॅनेजर काचेतून बघत होते. याने इथेच बैठका मारायला घेतल्या, असं त्यांना वाटलं असणार.

खुर्ची गॅसवर खाली-वर होणारी, सीट रेक्झिनची. निफाडची ती कोरडी थंडी, त्यात सिंथेटिक साडी. माणूस उठला की सीटवर स्थिर वीज साठते, खुर्चीच्या धातूच्या भागांमध्ये बारीक ठिणगी पडते आणि तिचा झटका शेजारची केबल पकडते. जुना व्हीजीए मॉनिटर असता तर चित्र जरासं थरथरलं असतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एचडीएमआयचा सिग्नल एकदा तुटला की दोन्ही टोकांची ओळखपरेड नव्याने होते, तेवढा वेळ अंधार. मॅनेजर पहिल्या दिवसापासून “जुना बरा होता” म्हणत होते. कारण माहीत नसताना बरोबर बोलणारी माणसं फार त्रास देतात.

शिपाईमामा म्हणाले, “त्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. सांगितलं होतं मी.” कॅबिनेट आणि न्यूट्रलमध्ये मीटर धरला, १०५ व्होल्ट! अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, फिल्टरमधून मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज डब्यावर येतं. भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर आत अर्थिंगची हिरवी वायर टेप गुंडाळून मोकळी सोडलेली. वायरमनने तिसरी पिन नुसती शोभेला ठेवली होती आणि मी दोनदा येऊन बोर्ड उघडला नव्हता. तेव्हा वायरमनला शिव्या घालताना आवाज जरा खालीच ठेवला.

हिरवी वायर जोडली, मीटर दीड व्होल्टवर आला. दोन्ही टोकांना असे झटके अडवणारी फेराइटची गाठ असलेली आखूड केबल लावली. तरी दहांत एकदा जायचीच. शेवटी मामांनी त्यांचं लाकडी स्टूल पुढे केलं. वीस वेळा उठलो-बसलो. एकदाही गेली नाही. मॅडम म्हणाल्या, “पहिल्या दिवशीच सांगत होते ना मी?”

हो, सांगत होत्या. मी त्यांना तेव्हा विचारलं होतं, “मॅडम, पाय लागत असेल का वायरला?”

मॅनेजर व्हाउचरवर सही करता करता थांबले. “म्हणजे तो आधीचा मॉनिटर चांगला होता?”

“त्याचं कार्डही वीक होतं,” मी म्हणालो.

तो मॉनिटर आमच्या टेस्टिंग टेबलावर आहे. सकाळी दहा ते रात्री आठ चालू असतो. परवा शेठ म्हणाले, पुसून विकायला काढ. मी अजून हात लावलेला नाही.