‘वहिनी’ म्हटलं की मी का चिडतो

दर गॅदरिंगला कोणीतरी विचारतंच. “सर, पोरं गमतीत एखादीला ‘वहिनी’ म्हणतात, तुम्ही एवढे का भडकता?” स्टाफरूममध्येही विचारून झालंय. आजवर मी “शिस्त म्हणून” असं सांगत आलो. ते खोटं होतं.

मी एस.वाय.ला होतो. 2003 च्या 15 ऑगस्टला सलमान खानचा ‘तेरे नाम’ लागला आणि दिवाळीपर्यंत आमच्या सहाजणांच्या टोळीत सगळ्यांनी त्याच्यासारखे केस वाढवून मधे भांग पाडला. माझे केस कुरळे. मी रोज पाणी लावून चापून बसवायचो.

ती नाशिकरोडहून यायची. मला ती आवडत नव्हती. हे सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण आवडत असती तर निदान म्हणायला काही कारण होतं. लायब्ररीत तिने मला जरा सरकायला सांगितलं, एवढंच. बाहेर आल्यावर एकाने जाहीर केलं, “वहिनी लाइन देतेय.” बाकीच्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मी नाही म्हणालो नाही. पुढे कोणी काय करायचं ते ठरवावं लागलं नाही, जो तो आपलं काम पाठ असल्यासारखा करत होता. एकजण तिच्या मैत्रिणीला गाठायचा, दोघं सीबीएसवर ती कुठल्या बसला थांबते ते बघायचे, मी गॉगल लावून खांबाला टेकायचो. तेव्हा शहरातल्या बस एसटीच्याच. तिच्या बसमध्ये आम्ही सहाच्या सहा चढायचो. तिने मान खाली घातली की म्हणायचे, “लाजली.”

एकदा तिने वळून म्हटलं, “प्लीज, माझ्या मागे येऊ नका.” हळू, पण शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं. खाली उतरल्यावर आमच्यात जल्लोष झाला. बोलली! नकार हा इंटरव्हलच्या आधीचा भाग असतो, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती.

दिवाळीनंतर ती आली नाही. वडिलांनी तिचं कॉलेज बंद केलं, असं तिच्या मैत्रिणीने मला गाठून सांगितलं. “तुम्हाला कोणी काही केलं नाही. तिलाच घरी बसवलं.” त्या संध्याकाळी आम्ही पांडवलेणीच्या पायथ्याशी, फाळके स्मारकात बसलो होतो. कुणी तिचा विषय काढला नाही. मीही नाही. आता तिथून जाताना वाटतं, 1913 साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुष नटाने ती केली. नव्वद वर्षांनी पडद्यावर बाई होती, पण तिचं ‘नाही’ खरं धरायला कोणी तयार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तो सिनेमा लाखो लोकांनी पाहिला, ते सगळे बसमध्ये चढले का? नाही चढले. मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं की हे सिनेमाने केलं, आणि नंतर तितकीच वर्षं सांगितलं की हे फक्त मी केलं. दोन्ही मला पटत नाही. सिनेमाने मला हुकूम सोडला नव्हता. त्याने सहाजणांना एकच गोष्ट एकाच वेळी पढवली, त्यामुळे गप्प बसणं सोपं झालं. बोलायला तर मला कोणीही अडवलेलं नव्हतं.

बारावीला मी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशचे 1950 च्या दशकातले प्रयोग शिकवतो. रेघांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असते, तरी आधीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात म्हणून साधारण एक तृतीयांश वेळा माणूसही तेच देतो. खोलीत एकजण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण धाडकन खाली येतं. इथे आलो की मला ती बस आठवते. आमच्यातला आणखी कोणी माझ्या एका शब्दाची वाट बघत होता का?

गेल्या गॅदरिंगला एक मुलगी नाचत असताना मागून ‘वहिनी, वहिनी’ सुरू झालं आणि मी गाणं बंद करायला लावलं. ती मुलगी नंतर माझ्याकडे आली. रागावलेली होती. “सर, मला चालत होतं. माझा डान्स तुम्ही का थांबवलात?” तिला खरंच चालत होतं का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. एकीच्या ‘नाही’चा अर्थ आम्ही लावला होता, आता हिच्या ‘हो’चा मी लावायला निघालो होतो. मी तिला सॉरी म्हटलं. पण यंदाही कोणी तसं ओरडलं, तर मी गाणं थांबवीन असं मला वाटतं.