पाटीलकी आणि आमचे आडनाव

खानदेशात पाटील आडनावाचा माणूस पूर्वजांचा शोध घेऊ लागला की आडनावच त्याच्या आड येते. यावल तालुक्यातील आमच्या गावात पाटलांची घरे पुष्कळ आहेत, पण ती एका कुळाची नाहीत. उलट, शेजारच्या गल्लीतील चौधरी हे आमचे सख्खे भाऊबंद: त्यांचे सुतक आम्हांला लागते, कुलदैवत एकच आहे आणि दोन्ही घरांत सोयरीक होत नाही. पाटीलकी, म्हणजे गावचा कारभार पाहण्याचे काम, हे वतन (वंशपरंपरागत हक्क) होते आणि ते भावकीत पाळीने फिरत असे. ज्या शाखेने ते काम पाहिले ती पाटील म्हणवू लागली आणि दुसरी चौधरीच राहिली, असे आमच्या घराबाबत मला कागदांवरून दिसते.

माझ्या खापरपणजोबांच्या नावापुढे जुन्या मोडी कागदांत आडनाव नाहीच. स्वतःचे नाव, मग ‘वल्द’ (म्हणजे ‘चा मुलगा’), मग वडिलांचे नाव, एवढेच. त्यामुळे मी आडनाव सोडून जमीन धरली. सात-बारावरून फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) आणि फेरफारावरून जुना सर्व्हे नंबर असे मागे जात राहिल्यावर, विहिरीजवळचे एक शेत तीन पिढ्या आमच्याच शाखेत असल्याचे स्पष्ट झाले, आणि त्या शेतामुळेच एकाच नावाच्या दोन माणसांतून आमचा माणूस वेगळा काढता आला. त्यांच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत, मिळाली.

खापरपणजोबांचे तरुणपण फार धामधुमीच्या काळात गेले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला होता. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी सुरू होताच सावदा-यावल भागातील शेतकऱ्यांनी एकजुटीने विरोध केला आणि तो मोडण्यासाठी सरकारने फौज आणली. शेतसारा वाढेल ही शेतकऱ्यांची भीती मला मुळीच अवाजवी वाटत नाही. पुढे १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली, अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला भाव चढला, आणि आमच्या घराण्याने दुसरे शेत घेतले तेही त्याच सुमारास.

१८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची रीतसर नोंद होऊ लागली. आमच्या घरी जपलेल्या कागदांत त्यानंतर मात्र प्रत्येक नावापुढे पाटील आहे. १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी गेली, तोवर शाळेच्या दाखल्यांवर ते आडनाव कायम झाले होते.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत दोन्ही शाखांचे पुरुष एकाच वंशावळीत सापडले, तेव्हा चौधरींकडच्या थोरल्या काकांना मी ते पान वाचून दाखवले. आता दोघे मिळून एकच वंशवृक्ष लिहीत आहोत. फेरफारांत लेकी-सुनांची नावे क्वचितच येतात, म्हणून ती आम्ही दोन्ही घरांतील वयस्क आत्यांना विचारून, माहेरच्या गावासह लिहून घेत आहोत.