बिंदगी भरायला किती मिनिटे?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली असते. नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आले, किती वेळ टिकले आणि पहिली बिंदगी (पाण्याची घागर) भरायला किती मिनिटे लागली, एवढेच आई तिच्यात लिहिते. सीमाभागातील आमच्या लहानशा गावात पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्यामुळे गोधड्या कधी धुवायच्या आणि पाहुण्यांना कधी बोलवायचे, हे त्या वहीवरूनच ठरते.

गेल्या उन्हाळ्यात मी ती वही घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेलो. तेथील रजिस्टरात आमच्या गल्लीला दर खेपेस दोन तास पाणी दिल्याची नोंद होती आणि ती खोटीही नव्हती, कारण वॉल्व्हमन खरोखरच दोन तास वॉल्व्ह उघडा ठेवत होता. पण आमची गल्ली चढावर आहे, आणि खालच्या घरांच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या नळाला धार उरत नाही. वहीत त्याच तारखेसमोर लिहिले होते : ‘बिंदगीला अकरा मिनिटे, पाऊण तासात बंद.’ पाणी सोडणाऱ्याच्या हिशेबाने सेवा पूर्ण झाली होती. भरणाऱ्याच्या हिशेबाने निम्मीही नव्हती. पालिकेच्या कामाचे माप भरणाऱ्याच्या दारात घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरी सेवांसाठी २८ निकष ठरवून दिले, त्यांतील ९ एकट्या पाणीपुरवठ्याचे आहेत : दरडोई रोज १३५ लिटर, २४ तास पुरवठा, हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांच्या आत, ८० टक्के तक्रारींचे निवारण, वगैरे. मला त्यातील सर्वांत मोलाची वाटते ती विश्वासार्हतेची श्रेणी. प्रत्येक आकडा कसा मिळवला, यावरून त्याला ए ते डी अशी श्रेणी द्यायची असते. प्रत्यक्ष मोजून काढलेला आकडा वरच्या श्रेणीत जातो आणि अंदाजाने लिहिलेला खाली येतो. ‘किती’ याच्या शेजारी ‘कशावरून’ हेही लिहायला लावणारी ही सोय फार शहाणपणाची आहे.

बेळगाव शहरात याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राकसकोप आणि हिडकल हे जलाशय शहराच्या पाण्याचे दोन जुने आधार. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास शहराच्या काही निवडक भागांत २४ तास पाणी सुरू झाले, तेव्हा घरोघरी मीटरही बसले, आणि पाणी मोजण्याची जागा टाकीपासून उंबरठ्यापर्यंत आली.

तक्रारींचे माप त्याहून नाजूक आहे. मी मराठीत ‘दाब फार कमी आहे’ अशी तक्रार दिली. लिहून घेणारे गृहस्थ भले होते. त्यांनी ती कन्नडमध्ये ‘पाणी येत नाही’ अशी उतरवून घेतली. दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे पाणी आले आणि तक्रार निकाली निघाल्याचा संदेशही आला. त्या महिन्याच्या टक्केवारीत आमचे गाऱ्हाणे यशाच्या बाजूला जमा झाले असणार, याचे मला आजही वाईट वाटते. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. या हक्काकडे आपण अस्मितेच्या अंगाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण गाऱ्हाणे ज्या शब्दांत मांडले त्याच शब्दांत नोंदले गेले नाही, तर पालिकेचा स्वतःचा आकडाही चुकतो, हे दोन्ही भाषांच्या लोकांनी ध्यानात घ्यावे.

दाखल्यांच्या बाबतीत आपल्याकडे गाडी पुष्कळ पुढे गेली आहे. कर्नाटकच्या सकाल या सेवाहमी कायद्याने त्यात नेमलेल्या प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत घातली आणि उशिराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, अशी भरपाई ठेवली. रक्कम किरकोळ आहे, पण पावतीवरची तारीख अर्जदाराच्याही हातात असते, त्यामुळे मोजणी दोघांची होते.

आता आमच्या गल्लीतील बारा घरांनी आईसारखीच वही ठेवली आहे. पुढच्या सोमवारी त्या नोंदींसह मराठी अर्ज, सोबत त्याचा आम्हीच काळजीपूर्वक करून घेतलेला कन्नड अनुवाद, कार्यालयात देणार आहोत. मागणी एवढीच आहे की चढावरच्या शेवटच्या नळाला दाबमापक बसवावा आणि पाणी सुटल्यावर अर्ध्या तासाने त्यावर दिसणारा आकडा रजिस्टरात लिहावा.