चोर्ल्याचा उतार, खडे बाजारातले ब्रेक आणि हायब्रिडचा हिशेब

बेळगावात छोटी पिकअप घ्यायला निघालं की तीन शब्द कानावर पडतात: पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड. तिसरा शब्द फार सैल वापरतात. पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी गाडी दाखवून 'ही हायब्रिडच की हो' म्हणणारे एजंट कमी नाहीत. ती हायब्रिड नव्हे. त्या गाडीत इंजिन एकच, पेटायला कधी पेट्रोल, कधी गॅस. हायब्रिडमध्ये इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार आणि तिची बॅटरी असते. ब्रेक दाबल्यावर एरवी जी ताकद लायनर तापवण्यात जाते, ती मोटार उलटी काम करून बॅटरीत भरते आणि पुढच्या उठावाला परत देते.

आपल्याकडच्या छोट्या मालवाहू गाड्यांत असली हायब्रिड शोरूमला मिळत नाही. तरीही हिशेब समजून घ्यावा, कारण तोच हिशेब पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिकलाही लागू पडतो.

अमेरिकेत फोर्डची मॅव्हरिक ही छोटी पिकअप २०२२ च्या मॉडेलपासून दोन इंजिनांत मिळते. एक अडीच लिटरची हायब्रिड, मोटार धरून १९१ हॉर्सपॉवर. दुसरं २ लिटर टर्बो पेट्रोल, सुरुवातीच्या मॉडेलात २५० हॉर्सपॉवर. तिथल्या सरकारी चाचणीतले सुरुवातीच्या मॉडेलचे आकडे आपल्या मापात आणले तर हायब्रिड शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर देते, हायवेला १४. टर्बो पेट्रोल शहरात पावणेदहा, हायवेला पावणेतेरा. म्हणजे शहरात लिटरमागे आठ किलोमीटरचा फरक, आणि हायवेला जेमतेम सव्वा. शिवाय हायब्रिड शहरात जास्त देते आणि मोकळ्या रस्त्याला कमी. नेहमीच्या गाडीच्या अगदी उलटं. यामागचं कारण ब्रेक.

भरलेली छोटी पिकअप दीड टनाची धरा. खडे बाजारातून गणपत गल्लीकडे जाताना ताशी ४० च्या वेगावरून ती थांबवली, तर एका थांब्यात सुमारे ०.०२५ युनिट ऊर्जा सुटते. युनिट म्हणजे लाईट बिलातलंच. दिवसात असे शंभर थांबे झाले की अडीच युनिट. त्यातलं निम्मं जरी बॅटरीत परत आलं, तरी ते अर्ध्या लिटर पेट्रोलच्या कामाइतकं होतं. सिग्नलला आणि माल उतरवताना इंजिन बंद राहतं ते वेगळंच. शहापूर, वडगाव, टिळकवाडी असं दिवसभर दुकानोदुकानी माल टाकणाऱ्याला हे गणित मानवतं. बेळगाव सोडून संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरला जाणाऱ्याच्या प्रवासात ब्रेक किती वेळा लागतो? वंटमुरी आणि तवंदीचे घाट वगळले तर मोजकाच. जिथे ब्रेक नाही तिथे परत मिळवायलाही काही नाही, आणि मोटार-बॅटरीचं वजन मात्र सोबत ओढायचं.

मग घाट आला की हायब्रिडची चांदी असणार, असं वाटतं. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

कडोलीची भाजी किंवा रताळी घेऊन रात्री चोर्ला घाटातून गोव्यात उतरणारी गाडी घ्या. घाटमाथा ते साखळी ६०० मीटरचा उतार धरू. मॅव्हरिकच्या मापाची पिकअप पूर्ण मालासकट २,३५० किलोच्या आसपास भरते. एवढं वजन ६०० मीटर खाली येताना ३.८ युनिट ऊर्जा सुटते. चाकं आणि हवा थोडी खातात, वीज करतानाही थोडी गळती होते, तरी दोन-सव्वादोन युनिट हाताशी येतात. पण मॅव्हरिकची हायब्रिड बॅटरी आहे १.१ युनिटची. ती पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत की पूर्ण भरू देत नाहीत. वापरायला मिळतो तो मधला पट्टा, निम्मा धरा. म्हणजे पाव घाट उतरेपर्यंतच बॅटरी भरते. पुढे गाडी मोटारीकडून इंजिन नुसतंच फिरवून ताकद वाया घालवते आणि उरलेलं काम साध्या ब्रेकवर येतं. परत चढताना तोच अर्धा युनिट पहिल्या काही वळणांत संपतो. एवढं वजन ६०० मीटर वर न्यायला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल लागतंच, मग इंजिनावर नाव काहीही असो.

ओढण्याच्या बाबतीतही तेच. सुरुवातीच्या मॅव्हरिक हायब्रिडला ट्रेलर ओढायची मर्यादा ९०० किलो होती, टर्बोला खास पॅकेज घेतल्यावर १,८००. २०२५ च्या मॉडेलपासून चारचाकी ड्राइव्हच्या हायब्रिडलाही तेवढी परवानगी मिळाली. हायब्रिडचं पेट्रोल इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. त्यात आत येणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, म्हणून इंधन वाचतं पण खालच्या फेऱ्यांत जोर कमी पडतो. तो खड्डा मोटार भरून काढते, बॅटरीत काही असेल तोवर.

धूळ आणि पाऊस हा आणखी एक भाग. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करायला पंखा असतो आणि त्याची जाळी सीटच्या खाली किंवा बाजूला. उद्यमबागमधल्या फौंड्रीची वाळू किंवा वीटभट्टीची धूळ त्या जाळीत बसली की बॅटरी तापते आणि मोटार कमी साथ देते; लोकांना वाटतं इंजिन बसलं. शिवाय ब्रेक कमी वापरले जातात म्हणून जांबोटी-कणकुंबीच्या पावसात डिस्कला गंज चढतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्याला चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारून तो घासून काढावा लागतो.

बाजारात थांबत-थांबत माल टाकणाऱ्याला हायब्रिडचा विचार पटत असेल, तर आपल्याकडे त्याचं खरं उत्तर इलेक्ट्रिक आहे. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली. बॅटरी २१.३ युनिटची, भार ६०० किलो, कागदावरचा पल्ला १५४ किलोमीटर. कागदावरचा म्हणजे चाचणीतला; भरलेल्या गाडीला त्याच्या दोन तृतीयांशावरच काम ठरवावं. रोजचा फेरा ७०-८० किलोमीटरचा, रात्री गाडी घराच्या अंगणात आणि तिथे अर्थिंगसकट पक्का पॉइंट असेल तर हिला तोड नाही. गोव्याच्या भाड्याला मात्र ही नको. उतरताना बॅटरी भरेल, पण परतीच्या चढाला तेवढीच आणि वर आणखी लागेल.

बाकी बहुतेकांची निवड पेट्रोल आणि सीएनजी यांच्यातच होते.

सीएनजीत पहिली किंमत मोजावी लागते ती वजनाची. पोलादी टाकी जड असते. मारुती सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो भार नेते, सीएनजीची ६२५. म्हणजे ११५ किलो, पन्नास किलोची दोन पोती आणि वर एक पिशवी, प्रत्येक फेरीला हौद्याबाहेर राहतात. दुसरी किंमत ताकदीची. गॅस सिलिंडरमध्ये हवेची जागा घेतो, म्हणून त्याच इंजिनाची ताकद साधारण दहा टक्क्यांनी उतरते. सुपर कॅरी ८० वरून ७२ हॉर्सपॉवरच्या घरात येते, टाटाची एस गोल्ड ३० वरून २६. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथली हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन आधीच पाच-सात टक्के मागे असतं. सुपर कॅरीला हे सोसतं. एस गोल्डसारख्या दोन सिलिंडरच्या छोट्या इंजिनाला भरल्या गाडीने चोर्ला चढायला लावला तर दुसऱ्या गिअरवरून हलता येत नाही आणि मागे बसची रांग लागते.

आता पैशाचा हिशेब. भाव रोज बदलतात, म्हणून सोपे आकडे धरू: पेट्रोल १०० रुपये लिटर, गॅस ८५ रुपये किलो, भरलेल्या गाडीला पेट्रोलवर १५ आणि गॅसवर १९ किलोमीटर. किलोमीटरला पेट्रोल ६.६७ रुपये, गॅस ४.४७. वाचतात २.२० रुपये. सीएनजीचं मॉडेल एक लाखाने महाग असेल तर ते पैसे ४५ हजार किलोमीटरनंतर फिटतात. रोज ६० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, तर अडीच वर्षं. रोज १२० असतील तर सव्वा वर्ष. रोजचा फेरा ३० किलोमीटरचा असेल तर पाच वर्षं, आणि तेवढ्यात गाडी विकायला निघते. अशा माणसाने सरळ पेट्रोल घ्यावी.

पल्ल्याचा हिशेबही आधीच करावा. टाकीवर लिहिलेली लिटरची क्षमता पाण्याची असते. २०० बार दाबाला ६० लिटरच्या टाकीत ९ किलोच्या आसपास गॅस बसतो, आणि भर दुपारी तापलेल्या टाकीत त्याहून कमी. ९ किलोत सपाटीला १७० किलोमीटर होतात, घाटात बरेच कमी. म्हणजे गोव्याला जाऊन यायचं तर तिकडे गॅस भरावाच लागणार. सुपर कॅरी सीएनजीत पेट्रोलची टाकी फक्त ५ लिटरची, अडचणीपुरती. तीही दोन लिटरच्या खाली जाऊ देऊ नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. काटा तळाला ठेवून वर्षभर गॅसवर फिरवलं की एक दिवस गाडी सुरूच होत नाही आणि पंपाचा खर्च अंगावर येतो. आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर चोंदत नाहीत.

गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते. प्लगची फट वाढली की पहिलं लक्षण चढावर दिसतं: ॲक्सिलरेटर दाबल्यावर हिसके. मिस्त्री गॅस किटवर संशय घेतो, आणि असतो जुना प्लग. कंपनीने दिलेली फट ठेवा आणि प्लग पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर बदला. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा, आवाज कमी झाला म्हणून खूश होऊ नका, व्हॉल्व्हची फट मिटत चालली असण्याचीच शक्यता जास्त. ती मिटली की व्हॉल्व्ह जळतो.

डिझेलबद्दल थोडक्यात. एक टनाच्या वर माल आणि रोज दीड-दोनशे किलोमीटर हायवे असेल तरच. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो गरम होऊन स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी सलग धाव लागते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवली की तो तुंबतो. निपाणीकडच्या पंपांवर महाराष्ट्रातल्या गाड्या डिझेलला थांबायच्या तो भावातला फरक आपल्या फायद्याचा होता, पण असा फरक कायम राहत नाही आणि तेवढ्यावर इंजिन निवडू नये.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊन काही कळत नाही. कमीत कमी पाचशे किलो माल टाका, फाळका बंद करा आणि वंटमुरी घाटाकडे घ्या. चढावर सुरक्षित जागी पूर्ण थांबा, हँडब्रेक लावा आणि क्लच न जाळता पहिल्या गिअरवर उठते का ते बघा. सीएनजी असेल तर हेच एकदा गॅसवर, एकदा पेट्रोलवर. उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने या, न्यूट्रल मारू नका. तळाला थांबल्यावर जळका वास आला किंवा पेडल स्पंजासारखं लागलं तर लायनर आणि ब्रेक ऑइल आधी बघून घ्या.

जुनी सीएनजी गाडी घेत असाल तर टाकीच्या चाचणीची तारीख पाहिल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. दर तीन वर्षांनी ती करावी लागते, आणि तारीख उलटलेल्या गाडीला पंपावर गॅस नाकारतात. त्याच वेळी टाकीच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा. पट्ट्याचं रबर गेलेलं असेल तर पोलाद घासून गंज तिथूनच सुरू होतो, आणि तो वरून दिसत नाही.