पांढऱ्या डोळ्यांच्या मुली

एमएस्सीच्या प्रोजेक्टला फळमाश्या मिळाल्या तेव्हा आई म्हणाली, "चिलटांसाठी रोज डिचोलीहून कॉलेजात कशाला? पडवीत फणस फोडून ठेव, हवी तेवढी येतील."

मला हवी होती ती पांढऱ्या डोळ्यांची. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गनला १९१० साली असा एक नर सापडला आणि त्यावरून हा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचं कळलं. जनुकाचं नाव 'व्हाइट', काम मात्र डोळे लाल करण्याचं! त्याचं प्रथिन रंगाचा कच्चा माल डोळ्याच्या पेशींत आत ओढतं. जनुक बिघडला की डोळा कोरा. बिघाडावरून नाव ठेवायची ही रीत मला अजून पचलेली नाही.

क्रॉस (दोन प्रकारच्या माश्यांची जोडी लावणं) साधा: मादी पांढऱ्या डोळ्यांची, नर लाल. मुलग्याला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून, म्हणून मुलगे सगळे पांढरे व्हायचे, मुली सगळ्या लाल. माश्यांच्या खाण्यासाठी रवा, गूळ आणि अगर-अगर (जेलीसारखं घट्ट करणारी पूड) शिजवून बाटल्या भरल्या (वास थेट शिऱ्याचा). २५ अंशांवर दहाएक दिवसांत नव्या माश्या निघाल्या. इथरने झोपवून मोजायला बसले, तर ११ मुली पांढऱ्या डोळ्यांच्या. नरच असतील म्हणून फक्त नरांच्या पुढच्या पायांवर असतात ते काळे कंगवे शोधले. नव्हते.

म्हणजे माझी एखादी मादी आधीच्या बाटलीतल्या पांढऱ्या नराशी संसार थाटून आली होती. मादी वीर्य साठवून ठेवते आणि बरेच दिवस वापरते. म्हणून कोशातून निघाल्यावर आठ तासांच्या आत, नराशी जोडी जमायच्या आधीच, तिला वेगळी काढायची. मी साडेनवाला आरामात येऊन रात्रभराच्या बाटलीतून माद्या उचलल्या होत्या.

मग संध्याकाळी बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून, कोश तेवढे ठेवून ती १८ अंशांत ठेवायची, सकाळी पहिली बस पकडायची. थंडाव्यात सगळं सावकाश चालतं, तेवढी सवड मिळते. ताजी मादी फिकट, पंख चुरगळलेले, पोटातून हिरवट-काळा ठिपका दिसतो. ठिपका दिसला की डोळे झाकून घ्यावी.

मे महिन्यात इन्क्युबेटर बिघडला. तीस अंशांत वाढलेले नर नापीक निघतात. अंडी भरपूर, पण एक अळी बाहेर येईल तर शपथ.

तिसऱ्या खेपेला जमलं: १०९ लाल मुली, १०५ पांढरे मुलगे.

आता घरी केळ्यावर चिलट बसलं की मी वाकते. आई म्हणते, "लालच आहेत गो, खा ते केळं."