मदन वजन उचल, सरक

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्यावीत, असे शाळेचे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलन, पर्वतीची सहल, मधल्या सुट्टीतली चिंचा-बोरे असे बरेच काही आठवले; पण लिहायला बसलो आणि त्या दोन पानांत जीवशास्त्राच्या बाईंखेरीज दुसरे कोणी मावेना. बाईंचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसते 'बाई' म्हटले तरी कोणत्या बाई, ते सर्वांना कळते.

शनिवारची सकाळची शाळा होती आणि शेवटचा तास होता. बाईंनी फळ्यावर मध्ये कुठेही जागा न सोडता 'मदनवजनउचलसरक' अशी बारा अक्षरे लिहिली आणि तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडायला सांगितले. सगळ्यांनी ते पाडले. पेशीतही वाचन असेच चालते, शब्दांमध्ये जागा सोडण्याची चैन तिथे नाही, असे सांगून त्यांनी पुढचे समजावले. डीएनएवरील मजकुराची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने केंद्रकातून बाहेर येते. रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र, ती ठरलेल्या ठिकाणापासून तीन-तीन अक्षरांनी वाचत जातो. आणि प्रत्येक शब्दासाठी एक दुभाषा, म्हणजे वाहक आरएनए, एका टोकाशी त्या शब्दाला जुळणारी तीन अक्षरे व दुसऱ्या टोकाशी एक अमिनो आम्ल घेऊन हजर होतो. आम्लाला आम्ल जोडले जाते आणि ती साखळी दुमडली की प्रथिन तयार होते. आरएनएच्या ए, यू, जी, सी या चार अक्षरांपासून ६४ शब्द होतात आणि अमिनो आम्ले तर २०च, मग उरलेल्या शब्दांचे काय, असे कोणीतरी विचारले. त्यावर, सूर्याला रवी, भानू, भास्कर चालतात ना, तशी ल्युसीनला सहा नावे आहेत, असे उत्तर मिळाले. ६४ पैकी तीन शब्दांचा अर्थ मात्र 'थांबा' एवढाच.

मग बाईंनी डस्टर माझ्या हातात दिले आणि कोणतेही एक अक्षर पुसायला सांगितले. मी 'द' पुसला. नियम तीन अक्षरांचाच होता, त्यामुळे वाचन झाले ते 'मनव जनउ चलस रक'. वर्ग इतका हसला की शेजारच्या तुकडीवरचे सर दारात येऊन उभे राहिले. (आमच्यातल्या एका जाड्या मित्राला त्या दिवशी पडलेले 'मनव' हे नाव व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर अजून टिकून आहे.) 'वजन'मधला 'ज' पुसला तरी गोंधळ तसाच राहिला. तिसऱ्यांदा 'उचल'मधला 'च' पुसला आणि वाचले, तर 'मनव नउल सरक'. पहिले शब्द वायाच गेले होते, पण शेवटचा 'सरक' जसाच्या तसा परत आला होता! क्रिक, ब्रेनर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूवर हाच खेळ केला आणि त्यावरून संकेत तीन अक्षरांचा असावा असे ताडले, हे बाईंनी त्यानंतर सांगितले. आधी डस्टर आणि मग क्रिक, हा क्रम त्यांनी मुद्दाम ठेवला होता, असे मला आज वाटते.

शास्त्रज्ञ हरगोविंद खोराना हा बाईंचा खास जिव्हाळ्याचा विषय होता. पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात जन्मलेल्या या माणसाने यू आणि सी ही दोनच अक्षरे आलटून पालटून गुंफून आरएनए बनवला, त्यातून सेरीन आणि ल्युसीन आलटून पालटून येणारी साखळी मिळाली, आणि १९६८ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता, हे सांगताना बाईंचा आवाज किंचित चढत असे.

परवा शाळेत गेलो तेव्हा त्याच खोलीत मोठा पडदा दिसला. त्यावर रायबोसोम रंगीत होऊन धावतो, पार्श्वभूमीला संगीतही आहे. मुले शांत बसून पाहत होती. पुसायला काही नव्हते. हे माझे जुनाट मत असेल, पण मला ते बरे वाटले नाही.

मी आता पुण्यातच एका प्रयोगशाळेत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या जनुकीय तपासण्या करतो. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात ४१-४२ व्या कोडॉनवर, म्हणजे तीन अक्षरी शब्दावर, चार अक्षरे गळालेली आढळणे आपल्याकडे नवे नाही. मध्यंतरी एका लहान मुलीचा तसा अहवाल तिच्या आईवडिलांना समजावून सांगायचा होता. 'फ्रेमशिफ्ट' (वाचनाची चौकट सरकणे) हा शब्द तोंडात आलेला मी गिळला, अहवालाच्या पाठीवर बाईंचे वाक्य लिहिले आणि 'द'पासून सलग चार अक्षरे खोडली. 'मनउ चलस रक', असे आईने हळू वाचले. वडिलांनी माझ्या हातातले पेन घेतले, बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि विचारले, "आणखी दोन खोडली तर शेवटचा शब्द परत येईल ना?"

मी हो म्हणालो. कागदावर येईल, पण मुलीच्या रक्तात आपल्याला तसे खोडता येत नाही, हे वाक्य उच्चारायला मला जरा वेळ लागला.